टाचेमागच्या शिरेचं दुखणं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन: धावणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सातारा हिल हाफ मॅरेथॉन साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. त्यामुळे टाच धरून येणाऱ्यांचे माझ्याकडे वर्षात दोन हंगाम असतात, एक आषाढ-श्रावण आणि दुसरा मार्गशीर्ष-पौष. प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून ते एकदा नीट लिहून काढले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन मी देत नाही, ते ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर देतात. पण इंजेक्शनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही अवस्थांतला माणूस माझ्यासमोर बसलेला असतो. त्यामुळे खाली बरीचशी माझी मतंही आहेत. तुमचा पाय मी पाहिलेला नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दुखतंय ते नक्की काय? शीर, नस, की हाड?

आपण सरसकट "शीर" म्हणतो. पुस्तकात कंडरा, दवाखान्यात टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एका जाड दोरीत मिसळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला बांधलेली असते. हाच अकिलीस टेंडन, शरीरातला सगळ्यांत जाड आणि दणकट. धावताना प्रत्येक पावलाला त्याच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. सत्तर किलोचा माणूस धरा, म्हणजे चारशे किलोच्या वर. सव्वादोन तासांत हाफ मॅरेथॉन संपवणाऱ्याची एका पायाची दहा-अकरा हजार पावलं होतात. आता गुणाकार तुम्हीच करा.

दुखणं दोन जागी येतं आणि कुठली जागा यावर पुढचं सगळं ठरतं. खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि टेंडन अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून टाचेपासून वर सरकत जा. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात गाठीसारखं जाड लागलं आणि चिमटीत कळ आली, तर दुखणं टेंडनच्या मधल्या भागाचं. इथे रक्तपुरवठाही बेताचाच असतो. चिमटीत काही नाही पण टेंडन हाडाला चिकटतो तिथे, बुटाची मागची कड घासते त्या जागी दुखतंय, तर ते टोकाचं दुखणं. काहींना पाऊल वरखाली करताना नव्या चामडी चपलेसारखं करकर जाणवतं. ती टेंडनवरच्या आवरणाची सूज.

घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला दुखत असेल, तर अकिलीस सोडून दुसऱ्याच टेंडनची शंका घ्यायची. त्याबद्दल पुढे.

आठ महिने झाले, सकाळी पलंगावरून उतरून बाथरूमपर्यंत भिंत धरून जावं लागतं. एवढी जुनी सूज आहे, तर सूज उतरवणारं औषध का नको?

कारण आठ महिन्यांनंतर तिथे नेहमीच्या अर्थाची सूज फारशी उरलेली नसते. पूर्वी याला "टेंडिनायटिस" म्हणत आणि कागदावर अजूनही बरेच जण तेच लिहितात. पण जुनाट दुखऱ्या टेंडनचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दिसलं ते वेगळंच: कोलॅजनचे तंतू विस्कटलेले, मध्ये पाणी धरून ठेवणारा ऐवज साचलेला, नको तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत आलेले मज्जातंतू. त्यामुळे आता "टेंडिनोपथी" हा शब्द रुळला आहे.

सुंभ डोळ्यांसमोर आणा. चांगला वळलेला असतो तेव्हा प्रत्येक काथ्या भार वाटून घेतो. अकिलीसलाही खरोखरच असा पीळ असतो, वरून खाली येताना त्याचे तंतू जवळजवळ काटकोनात वळतात. म्हणीतला सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे सुंभ शाबूत दिसतो आणि पीळच उसवलेला असतो. उसवलेला पीळ औषधाने वळला जात नाही, हळूहळू वाढवलेल्या भारानेच वळला जातो.

सूज अजिबात नसते असंही नाही. आवरणाला, शेजारच्या पाणपिशवीला असू शकते. स्टेरॉइडचा उपयोग झालाच तर बहुतेक तिथे होतो.

हे स्टेरॉइड म्हणजे जिममधली पोरं घेतात तेच का?

नाही. ते स्नायू फुगवणारं, अॅनाबॉलिक. हे कॉर्टिकोस्टेरॉइड, आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज बनवतात त्या कॉर्टिसॉलचे भाऊबंद. याने स्नायू तर वाढत नाहीतच, उलट जास्त घेतलं तर झिजतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. दोनच वर्षांत नोबेल मिळालं. "स्टेरॉइड म्हणजे जादू" ही समजूत तेव्हापासूनची आहे, आणि "स्टेरॉइड म्हणजे विष" ही समजूत त्यानंतरच्या वारेमाप वापरातून आली.

आपल्याकडे घोट्यासाठी बहुधा ट्रायअॅम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. दुधासारखं पांढरं औषध, बाटली ठेवली की तळाला बसतं, म्हणून भरण्याआधी हलवून घेतात. त्यात बहुतेक वेळा भूल देणारं लिग्नोकेन मिसळलेलं असतं.

गुण येतो का? एका शब्दात सांगा.

येतो. पण किती टिकतो, हे एका शब्दात सांगता येत नाही.

२०१० मध्ये "लॅन्सेट"मध्ये एक मोठा आढावा आला. वेगवेगळ्या टेंडनच्या दुखण्यांवर इंजेक्शन देऊन पाहिलेल्या ४१ चाचण्या त्यात एकत्र केल्या होत्या. निष्कर्ष असा की पहिले काही आठवडे स्टेरॉइड घेतलेले लोक आघाडीवर असतात, पण सहा महिने-वर्षानंतर ती आघाडी राहत नाही. टेनिस एल्बोच्या रुग्णांत तर इंजेक्शन घेतलेले लोक पुढे जाऊन न घेतलेल्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. अकिलीसवरची माहिती तेव्हा तुटपुंजी होती, पण सगळ्यांनी धडा घेतला तो असा: आज आराम, उद्या भुर्दंड.

मग २०२२ मध्ये डेन्मार्कमधून एक अभ्यास आला आणि माझ्यासारख्या इंजेक्शनविरोधी मंडळींना जरा थांबून विचार करावा लागला. अकिलीसच्या जुन्या दुखण्याचे १०० रुग्ण. सगळ्यांना व्यायाम दिला. त्यांतल्या निम्म्यांना त्यासोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि निम्म्यांना नुसतंच लुटुपुटूचं. सहा महिन्यांनी, दुखणं आणि हालचाल यांवर शंभरपैकी मोजल्या जाणाऱ्या गुणांत स्टेरॉइडवाले सरासरी १७.७ ने पुढे होते. हा फरक चालताना-धावताना जाणवेल एवढा आहे. गंभीर दुष्परिणामही आढळले नाहीत.

आता त्यातली मेख. औषध टेंडनमध्ये टोचलेलं नव्हतं. सोनोग्राफीत पाहत, टेंडनच्या पुढच्या बाजूला, चरबी आणि टेंडन यांच्यामधल्या फटीत सोडलं होतं. आणि व्यायाम सगळ्यांनीच केला होता. "मला इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत मोकळं वाटलं, तिसऱ्या दिवशी ग्रुपबरोबर पंधरा किलोमीटर मारले" या प्रकाराला त्या अभ्यासाचा आधार मिळत नाही.

टेंडन तुटतो म्हणतात. घाबरवण्यासाठी की खरंच?

खरंच तुटतो. सर्रास नाही, पण तुटतो. स्टेरॉइडमुळे टेंडनमधल्या पेशींचं कोलॅजन बनवण्याचं काम मंदावतं आणि औषध थेट तंतूंमध्ये गेलं तर तिथली ताकद काही काळ घटते. त्यात दुखणं थांबलेलं असतं, म्हणजे "बस कर" असं सांगणारं कोणी उरलेलं नसतं. कमकुवत दोरी आणि मुका पहारेकरी, दोन्ही एकाच पंधरवड्यात.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ, वय त्रेचाळीस, बँकेत नोकरी. टाचेमागे दहा दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शनं घेतली होती, दोन्ही नुसत्या अंदाजाने टोचलेली. त्यानंतरच्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढताना "टप्" असा आवाज झाला. ते म्हणाले, "मला वाटलं मागून कोणीतरी दगड मारला. वळून पाहिलं तर रस्त्यावर मी एकटाच." तुटलेल्या अकिलीसचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. इंजेक्शनमुळेच तुटला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, टेंडन आधीच खराब होता. पण ते नसतं, तर दुखण्याने त्यांना घाटापर्यंत जाऊ दिलं नसतं.

आवाज झाला, लाथ बसल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "चालता येतंय, बोटं हलतात, म्हणजे तुटलेलं नाही" हा समज घातक आहे. दुसऱ्या स्नायूंच्या जोरावर माणूस लंगडत चालतो. पालथं झोपून पाय पलंगाबाहेर सोडायचा आणि कोणाला तरी पोटरी दाबायला सांगायची. पाऊल खाली झुकलं तर दोरी जोडलेली आहे. जागचं हललं नाही, तर बहुधा तुटली.

मग हे इंजेक्शन द्यावं तरी कोणाला?

माझ्या मते सगळ्यांत रास्त जागा म्हणजे टाचेचं हाड आणि टेंडन यांच्यामधली पाणपिशवी. ती सुजली की टाचेच्या वर, टेंडनच्या दोन्ही बाजूंना फुगीर दिसतं आणि बूट घालणंच नकोसं होतं. सोनोग्राफीत पाहून त्या पिशवीत थोडं औषध सोडलं, तर बऱ्याच जणांना व्यायाम सुरू करण्याइतकी उसंत मिळते.

दुसरी जागा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, गोल हाडामागून वळणाऱ्या पेरोनियल टेंडनची. त्यांना स्वतःचं म्यान असतं. म्यानात पाणी भरून सूज आली असेल आणि टेंडनला चीर गेलेली नसेल, तर म्यानात इंजेक्शन देता येतं. अकिलीसला असं म्यान नाही, नुसतं पातळ आवरण आहे. "मित्राला घोट्यात दिलं, त्याला काही झालं नाही" हे म्हणूनच तुमच्या कामाचं नाही, त्याचा टेंडन कदाचित वेगळाच होता.

आतल्या बाजूच्या टिबियालिस पोस्टिरियरबद्दल मात्र मी फार सावध असते. पावलाची कमान तोलून धरणारा तो. आधीच झिजलेला असताना तो गेला, तर पाऊल सपाट होतं आणि तसंच राहतं. एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, किंवा मागून पाहिल्यावर त्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला जास्त दिसत असतील, तर इंजेक्शनचा विषय बाजूला ठेवून आधी नीट तपासणी.

आणि अकिलीसच्या मधल्या भागाचं दुखणं? तीन महिने इमानदारीने व्यायाम करूनही अडलं असेल, तर टेंडनच्या बाहेर, पाहून दिलेलं एक इंजेक्शन, पुढच्या व्यायामाला जोडून. यावर विचार करायला माझी हरकत नाही. पाच वर्षांपूर्वी मी हे वाक्य लिहिलं नसतं.

सोनोग्राफी लागतेच का? आमचे डॉक्टर हातानेच देतात, अनुभवी आहेत.

अनुभवाचा आदर आहे. पण कातडीपासून टेंडनपर्यंत इथे काही मिलिमीटरचाच मामला असतो आणि सुईचं टोक फटीत आहे की तंतूंमध्ये, हे बोटांना कळत नाही. या एका जागेसाठी तरी मी पाहूनच घ्या म्हणते. टोचताना औषध सहज जात नसेल, जोर लावावा लागत असेल, तर सुई टेंडनमध्ये असण्याची शक्यता असते. जाणता डॉक्टर तिथेच थांबून सुई मागे घेतो.

टोचताना दुखतं का? फरक कधी पडतो?

दुखतं, सोसवतं. खोलीतून बाहेर पडताना जे छान वाटतं ते लिग्नोकेनचं, काही तासांत ओसरतं. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी काहींचं दुखणं उलट वाढतं. घाबरू नका, बर्फाने शेका, दिवस-दोन दिवसांत उतरतं. खरा परिणाम दोन-तीन दिवसांपासून आठवड्याभरात दिसू लागतो. दुखणं वाढतच गेलं, जागा लाल झाली, ताप आला, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका. मग फोनवर विचारत बसू नका, सरळ जाऊन दाखवा.

मला शुगर आहे. चालेल का?

डॉक्टरांना आधी सांगा. इंजेक्शन घोट्यात दिलं तरी थोडं औषध रक्तात उतरतंच आणि काही दिवस, कधीकधी आठवडाभर, साखर चढलेली राहते. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या दिवसांत रोज पाहा. साखर आधीच ताब्यात नसेल तर इंजेक्शन पुढे ढकला. मधुमेहात टेंडनही लवकर खराब होतात, हा वेगळा मुद्दा.

टोचलेल्या जागी पांढरा डाग पडतो?

पडू शकतो. आपल्या सावळ्या रंगावर तो जास्त उठून दिसतो. औषध कातडीलगत सांडलं की रंग जातो, कधी खालची चरबी विरून खळगा पडतो. बऱ्याच जणांचं महिन्यांनी भरून येतं, काहींचं राहतं. टाचेमागची चरबी गेली तर बूट जास्त टोचतो, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

इंजेक्शननंतर कधी धावू?

मी साधारण असं सांगते: पहिले दोन आठवडे धावणं, उड्या, दोरी, चढ सगळं बंद. चालायला हरकत नाही, सायकल सपाटीवर. तिसऱ्या आठवड्यापासून टाचा उचलण्याचे व्यायाम, आधी दोन पायांवर, मग एका. ते नीट जमायला लागले की एक मिनिट धाव, एक मिनिट चाल. वेगाचं काम आणि घाट सहा आठवड्यांच्या आत नाही. तुमचे डॉक्टर यापेक्षा कडक सांगत असतील तर त्यांचं ऐका. यापेक्षा सैल सांगत असतील तर कारण विचारा.

इंजेक्शन न घेता बरं होतं का?

बहुतेकांचं होतं. फक्त वेळ लागतो आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

याची एक गोष्ट आहे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या ऑर्थोपेडिक सर्जनला स्वतःलाच अकिलीसचं दुखणं होतं. ऑपरेशन करा म्हणाला तर वरिष्ठांनी नकार दिला. मग गड्याने ठरवलं की टेंडन इतका ताणायचा की तुटलाच पाहिजे, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. दुखणाऱ्या पायावर रोज भार टाकत सुटला. तुटायचं सोडून दुखणंच गेलं. १९९८ मध्ये त्याने १५ हौशी धावपटूंवरचा अभ्यास छापला. बारा आठवडे हाच व्यायाम करून पंधराही जण पुन्हा धावायला लागले.

व्यायाम असा: जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून उभं राहायचं, टाचा हवेत. बऱ्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा किंचित वाकवून १५ चे तीन सेट, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला १८०, सातही दिवस. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक, सॅकेत वजन. घरी वजनं नसतात, मग पाच किलोची तांदळाची पिशवी, नंतर दहाची. माझ्या एका पेशंटच्या आई महिनाभर विचारत होत्या, हा मुलगा तांदूळ घेऊन जिन्यात काय करतो म्हणून.

रोज १८० होत नसतील तर दुसरा मार्ग आहे. आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन अगदी सावकाश, वर जाताना तीन सेकंद आणि खाली येताना तीन. दोन्हींची तुलना केल्यावर निकाल जवळजवळ सारखेच आले. नोकरीवाल्यांना मी हाच देते, कारण तो होतो तरी.

व्यायामाने दुखणं वाढलं. बंद करू?

व्यायाम करताना थोडं दुखणारच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखणं चालतं, अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाचं दुखणं आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर वजन किंवा आकडा कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही.

पण तुमचं दुखणं टेंडन हाडाला चिकटतो तिथलं असेल, तर पायरीवरून टाच खाली सोडणंच चुकतंय. तिथे टेंडन हाडावर दाबला जातो. सपाट फरशीवर करा, टाच जमिनीच्या खाली जाऊ देऊ नका. यूट्यूबवरचा व्यायाम करून माझ्याकडे आलेल्यांत ही चूक सगळ्यांत जास्त सापडते.

याच कारणाने भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं, उकिडवं बसून भांडी-कपडे, पोटरीचं जोरजोरात स्ट्रेचिंग, हे काही आठवडे टाळा. घरात अनवाणी फिरण्याऐवजी थोडी टाच असलेली चप्पल घाला. बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर उंचीची पॅड घातली तरी बराच आराम पडतो, आणि दोन्ही बुटांत घाला.

सगळं बंद करून दोन महिने विश्रांती घेतली तर?

दुखणं थांबेल. धावायला गेलात की परत येईल.

पीआरपी, शॉकवेव्ह वगैरे?

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टोचणं. हजारोंचा खर्च. ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला: अकिलीसच्या मधल्या भागासाठी पीआरपी आणि लुटुपुटूचं इंजेक्शन यांत सहा महिन्यांनी फरक नाही. यापलीकडे मला काही बोलायचं नाही. शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेल्या धक्क्यांचा, व्यायामासोबत काहींना फायदा होतो, एकट्याने फारसा नाही.

एमआरआय काढू का?

बहुतेकांना गरज नसते, चिमटी आणि हकीकत पुरते. सोनोग्राफी इंजेक्शनच्या आधी किंवा चीर पडल्याची शंका असेल तर. एमआरआयपेक्षा मी काही प्रश्न जास्त महत्त्वाचे मानते. दोन्ही टाचा दुखतात, सकाळचं आखडलेपण अर्धा तासापेक्षा जास्त टिकतं, पहाटे पाठीच्या दुखण्याने जाग येते, वय चाळिशीच्या आत? मग हे धावण्याचं नसून अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसचं, म्हणजे पाठीच्या कण्याच्या संधिवाताचं असू शकतं, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (संधिवाताच्या डॉक्टरांना) दाखवा. दोन्ही टेंडन जाड गाठाळ आणि घरात कमी वयात हार्ट अटॅक? कोलेस्टेरॉल तपासा. अचानक रात्रीत लालबुंद होऊन दुखलं? युरिक अॅसिड.

मध्यंतरी पोट बिघडलं म्हणून अँटिबायोटिक घेतलं होतं. त्याचा संबंध असेल का?

हा प्रश्न कोणी आपणहून विचारत नाही, मीच विचारते. नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" असेल, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, तर संबंध असू शकतो. ही औषधं टेंडन दुखवतात, क्वचित तोडतातही, आणि सगळ्यांत जास्त अकिलीसच. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याबद्दल पाकिटावर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे जुलाब झाले की मेडिकलवाल्याकडून चार गोळ्या आणायच्या ही रीत आहे. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही त्रास होऊ शकतो, म्हणून पाकीट आठवा. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे.

रेस तीन आठवड्यांवर आहे, बिब आलंय, हॉटेल बुक आहे. फक्त या एका वेळेपुरतं?

याच प्रश्नासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. माझं उत्तर नाही असंच आहे. वरचा हिशोब पाहा: तिसऱ्या आठवड्यात तुम्ही टाच उचलण्याच्या व्यायामापर्यंत पोहोचलेले असता आणि मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ समोर असतो. दुखणार नाही, म्हणून तुम्ही पळालही. बुकिंगचे पैसे जातील. टेंडन तुटला तर महिनोन्महिने बूट-प्लास्टर, आणि पूर्वीच्या वेगाला यायला वर्ष पुरेलच असं नाही. हळू चालत-धावत पूर्ण करणार असाल आणि सकाळच्या दुखण्याची अट पाळली जात असेल, तर इंजेक्शनशिवाय उतरण्यावर बोलता येईल.

मी वयोगटात पोडियमवर येतो. डोपिंगमध्ये अडकेन का?

अडकू शकता. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्पर्धेच्या काळात कॉर्टिकोस्टेरॉइडची सगळी इंजेक्शनं निषिद्ध केली आहेत, घोट्यातली धरून. स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११.५९ ला सुरू होतो, पण औषध शरीरात त्याआधीपासून रेंगाळत असतं आणि प्रत्येकाचा रेंगाळण्याचा काळ वेगळा. राष्ट्रीय पातळीवर धावणाऱ्यांनी इंजेक्शनआधीच नाडाचे (आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) नियम पाहावेत, उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज लागेल का तेही.

इंजेक्शन घेतल्याचा कागद जपून ठेवायचा का?

हो, आणि तो कागद कसा असावा हेही सांगते. "पांढरं इंजेक्शन दिलं" एवढ्यावर मला काही कळत नाही, पुढच्या डॉक्टरांनाही नाही. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, तारीख, उजवा की डावा, कुठे दिलं (पाणपिशवीत, म्यानात, टेंडनच्या पुढे), सोनोग्राफीखाली की हाताने. एवढ्या सहा गोष्टी डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बाटलीवरच्या लेबलाचाही काढता आला तर उत्तम.